विम्याची तारीख आणि चवथ

नमस्कार श्रोतेहो.

परदेशी जाऊन राहायचं म्हटलं की आपल्या गोव्यात पहिलं नाव निघतं पोर्तुगालचं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तिथलं नागरिकत्व मिळू शकतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या रांगेबद्दल मी आज बोलणार नाही. भारतीय पासपोर्ट खिशातच ठेवून निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षं बाहेर राहायचं असेल तर काय करावं लागतं, तेवढंच बोलणार आहे. मी म्हापशाला बँकेत चौतीस वर्षं काढली, शेवटची नऊ परकीय चलनाच्या टेबलावर. शेकडो लोकांचे फॉर्म तपासले. आणि माझ्याच घरच्या कागदात एक तारीख माझ्या नजरेतून निसटली.

माझी ताई आणि भावोजी डिचोलीचे. मुलगा बँकॉकला नोकरीला, नात दोन वर्षांची. भावोजींचं म्हणणं, मुलाच्या नावावर जायचं नाही, आपल्या पेन्शनीवर जायचं. थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी निवृत्तीचा एक वर्षाचा व्हिसा आहे, त्याला ओ-ए म्हणतात. बँकेत तिथल्या चलनाचे ८ लाख बात किंवा महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवावं लागतं. बात अडीच-पावणेतीन रुपयांचा धरला तर ठेव वीस-बावीस लाखांची होते. पहिल्या अर्जाला ही रक्कम इथल्या बँकेत असली तरी चालते. ती तिकडे न्यायचा प्रश्न पुढे, तिथेच मुदत वाढवताना येतो. तेव्हा लक्षात ठेवा, एका आर्थिक वर्षात दर माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर नेता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून घेते. बावीस लाख पाठवले तर दोन लाख चाळीस हजार असे अडकतात. रिटर्न भरताना ते वळते होतात, पण तोवर हातात नसतात.

पैशाचं गणित भावोजींनी एका संध्याकाळी उरकलं. पुढचे दोन महिने गेले ते विम्यात.

या व्हिसाला आरोग्य विमा सक्तीचा झाला तो २०१९च्या ऑक्टोबर अखेरीपासून. सुरुवातीला बाह्यरुग्ण उपचारांसाठी ४० हजार आणि दाखल झाल्यास ४ लाख बात एवढंच संरक्षण मागत. पुढे तो आकडा ३० लाख बातवर, म्हणजे एक लाख डॉलरवर गेला. आता गंमत बघा. व्हिसासाठी डॉक्टरांचा दाखलाही लागतो. त्यात लिहून घेतात की अर्जदाराला कुष्ठरोग नाही, क्षय नाही, हत्तीपाय नाही, अमली पदार्थांचं व्यसन नाही आणि उपदंशाची तिसरी अवस्था नाही. आमचे डॉक्टर भावोजींच्या पायांकडे बघून म्हणाले, ‘‘चाळीस वर्षांत असा दाखला कुणी मागितला नव्हता.’’ सही झाली. भावोजींना मधुमेह आहे, सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन हृदयात स्टेंट बसलेला आहे, त्याबद्दल दाखल्यात चकार शब्द नाही. व्हिसा देणाऱ्याला हत्तीपायाची चिंता. विमा कंपनीला हत्तीपायाशी काही देणंघेणं नाही, तिला हृदय बघायचं असतं.

जुलैचा पाऊस धो धो पडत होता. ताईने आठळ्या भाजून ठेवल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर पॉलिसीचं चाळीस पानांचं बाड, भावोजींच्या हातात देवघरातली पोथी वाचायची भिंगाची काच. पहिल्या पानावर एक लाख डॉलर ठळक अक्षरांत. तेविसाव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, की पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या आजारांचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या कशाचाही खर्च मिळणार नाही. म्हणजे बँकॉकच्या रस्त्यावर पाय मोडला तर पैसे मिळतील. छातीत दुखलं तर कंपनी आधी फाइल उघडून बघेल. पुढच्या पानावर मायदेशी परत आणण्याच्या खर्चाचं कलम, त्यात देह आणण्याचा खर्चही धरलेला. ताई म्हणाली, ‘‘ते मोठ्याने वाचू नको रे.’’

विकणाऱ्या एजंटाचा सल्ला होता, ‘‘स्टेंटचं लिहूच नका हो, कोण बघतंय!’’ असं सांगणारे लोक सगळीकडे भेटतात. बघतात हो, सगळं बघतात. क्लेम आला की जुना डिस्चार्ज पेपर पहिल्यांदा मागतात, आणि स्टेंट तर अँजिओग्राफीत आपणहून दिसतो. खोटं लिहिलेला फॉर्म म्हणजे हप्ते भरून घेतलेला निव्वळ कागद. भावोजींनी सगळं खरं लिहिलं. हृदय वगळून पॉलिसी मिळाली. व्हिसाच्या अटीला ती पुरते, कारण तिथे रक्कम आणि तारखा बघतात.

मग उरलेल्या हृदयाचं काय? त्याची सोय वेगळी केली. मुलाच्या जवळ बँकॉकला एक रक्कम बाजूला काढून ठेवली, तिला हात लावायचा नाही. दुसरं, आणि हे मी आग्रहाने सांगतो, इथला मेडिक्लेम बंद केला नाही. लोक म्हणतात, बाहेर राहणार तर इथला हप्ता कशाला? पण जुन्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतचा प्रतीक्षाकाळ तुम्ही एकदा काढलेला असतो. १ एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे, तरी पॉलिसी मोडून पुन्हा घेतली तर मोजणी शून्यापासून. सदुसष्टाव्या वर्षी तीन वर्षं लहान नसतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. आणि आपल्या माणसाला शेवटी गोमेकॉचा, म्हणजे आपल्या गोवा मेडिकल कॉलेजचा, आधार वाटतोच, तो बांबोळीतच राहतो, विमानात बरोबर येत नाही.

भारतीय कंपनीची पॉलिसी दाखवायची तर थायलंडचा एक ठरावीक फॉर्म कंपनीने भरून, सही-शिक्क्यासह द्यावा लागतो. एका पानाचा कागद. गोव्यातल्या शाखेत उत्तर मिळालं, ‘‘असा फॉर्म भरायची आमच्याकडे पद्धत नाही.’’ तो मुंबईला गेला, तीन आठवडे फिरला आणि परत आला तो आडनावाचं स्पेलिंग बदलून. आपल्याकडे हा रोग जुनाच. पोर्तुगीज अमदानीतल्या जन्मदाखल्यावर नाईक क्यू-यू-ई लावून, शाळेच्या दाखल्यावर के लावून. पासपोर्टावर जे अक्षर असेल तेच पॉलिसीवर, पोलिसांच्या चारित्र्य दाखल्यावर आणि बँकेच्या पत्रावर हवं. एका बाबतीत मात्र आपण गोंयकार सुखी. आपली लग्नं नोंदणी कार्यालयात लागलेली असतात, त्यामुळे पती-पत्नीचा पुरावा शोधत फिरावं लागत नाही.

आता ज्यांच्या मनातून पोर्तुगाल जात नाही त्यांच्यासाठी थोडं. तिथे पेन्शन, भाडं, व्याज अशा उत्पन्नावर राहण्यासाठी डी-७ नावाचा व्हिसा आहे. उत्पन्नाची अट तिथल्या किमान वेतनाशी बांधलेली, २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं. बायको बरोबर असेल तर आणखी निम्मं. युरो शंभर रुपयांना धरला तर दोघांचे मिळून महिना एक लाख तीस हजार होतात. प्रवेशाचा व्हिसा चार महिन्यांचा. त्यासाठी लागतो तो प्रवासी विमा, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्यासह. तिथे पोचून निवासाचं कार्ड हाती आलं की सरकारी आरोग्यसेवेत नाव घालता येतं. म्हणजे पोर्तुगालला विमा म्हणजे नदी ओलांडण्यापुरती फेरीबोट, थायलंडला तो दरवर्षी भरायचा. स्पेन आणखी कडक. तिथे काम न करता राहण्याच्या व्हिसासाठी स्पेनमध्ये मान्यता असलेल्या कंपनीचाच विमा हवा, आणि त्यात तुमच्या खिशातून भरायचा हिस्सा नको.

तर माझी चूक. पॉलिसी आम्ही अर्जाच्या दिवसापासून, जुलैच्या मध्यापासून सुरू केली. चवथ टाकून ताई कुठे जाणार? गणपती विसर्जन करून, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची सुपारी वाटून सप्टेंबरात दोघं निघाली. बँकॉकच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्टावर शिक्का मारला, मुक्काम पुढच्या जुलैच्या मध्यापर्यंत. भावोजींनी एक वर्षाचा व्हिसा पुढे केला. अधिकाऱ्याने पॉलिसीच्या शेवटच्या तारखेवर बोट ठेवलं. मुक्काम विम्याच्या मुदतीपुरताच मिळतो. पूर्ण हप्ता भरून दहा महिने पदरात पडले. परकीय चलनाच्या टेबलावरचा मी माणूस, रक्कम बघितली, अपवाद बघितले, तारीख बघायची राहिली.

एवढं झाल्यावर दर नव्वद दिवसांनी पत्त्याची नोंद देणं, मुदतवाढीवर असताना गावी यायचं तर आधी परत येण्याचा परवाना काढणं, या गोष्टी भावोजी तोंडपाठ म्हणून दाखवतात.

बँकॉकच्या त्यांच्या स्वयंपाकघरात इथून नेलेलं मराठी कॅलेंडर आहे. ताईने परवा व्हिडिओ कॉलवर दाखवलं. चवथीच्या चौकोनात लाल गोल, नेहमीसारखा. त्यानंतर नऊ दिवसांनी दुसरा गोल, निळ्या पेनाने, खाली भावोजींच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: नवी पॉलिसी सुरू.