बेटावरची महिनाअखेर

नमस्कार श्रोतेहो.

मॉरिशसला राहतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "महिन्याला शिल्लक किती पडते?" तिथला रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांचा. नोकरीचं पत्र आलं तेव्हा आम्ही घरात पगाराला लगेच दोनने गुणलं. खर्चाला गुणायचं राहून गेलं.

पहिलं घर उत्तरेला, ग्रां-बेला घेतलं. समुद्र पाच मिनिटांवर. त्या बाजूला परदेशी लोक बरेच राहतात, त्यामुळे घरभाडं युरोत सांगायची तिथे पद्धत होती. माझा पगार मात्र मॉरिशसच्या रुपयांत. 2020 च्या मार्चमध्ये बेटाच्या सीमा बंद झाल्या, पर्यटक थांबले, त्यांच्याबरोबर येणारं परकीय चलन आटलं आणि रुपया घसरू लागला. करारातला आकडा होता तोच राहिला, माझ्या खात्यातून जाणारी रक्कम मात्र वाढत गेली. दर महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा यायचा. शेवटी कात्र-बॉर्नला बिऱ्हाड हलवलं. मधल्या पठारावरचं गाव, हवा गार, पाऊस जास्त, भाडं रुपयांत. नव्याने येणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, खिडकीतून समुद्र दिसतो का ते नंतर बघा, आधी करारात चलन कुठलं लिहिलंय ते वाचा.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. बेटावर उसाची शेतं नजर पोचेल तिथवर आहेत, पण तांदूळ, गहू, डाळी, सगळं जहाजाने येतं. गॅस सिलिंडर, पीठ, रेशनचा तांदूळ यांचे दर सरकार धरून ठेवतं, पेट्रोलचाही तेच ठरवतं. युरोपातून आलेल्या चीजला असा आधार नाही. सुपरमार्केटमध्ये आपल्या सवयीचा माल शोधत फिरलात, तर पगार पुरणार नाही.

मी शनिवारी भाजीबाजारात जातो. शेवग्याच्या पाल्याला तिथे 'ब्रेद मुरुम' म्हणतात, कोथिंबिरीला 'कोतोमिली'. दोडका, कारली, भेंडी, सगळं बेटावरच पिकलेलं. तिथेच उभ्याने डाळपुरीची जोडी खाल्ली की दुपारच्या जेवणाचं भागतं.

पण हा बाजारही वाऱ्यावर अवलंबून असतो. 2024 च्या जानेवारीत 'बेलाल' चक्रीवादळ आलं, राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. नंतरच्या शनिवारी बाजारातले निम्मे ओटे रिकामे. कोथिंबिरीच्या चार काड्यांची जुडी, आणि भाव ऐकून बायका हात मागे घेत होत्या. पालेभाजी परत हाताशी यायला काही आठवडे लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळांचे महिने, तेवढ्यापुरती घरात डाळ-कडधान्यं जास्तीची भरून ठेवावी लागतात.

आमच्या शेजारच्या मावशींचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेले. मराठी त्या थोडी, अडखळत बोलतात, पण गणपतीत आरती तोंडपाठ. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. त्या वादळात मावशींच्या परसातला शेवगा मुळासकट आडवा झाला. सकाळी त्या कोयती घेऊन बसल्या, फांद्या तोडल्या, पाला खुडून जुड्या बांधल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात एकेक ठेवली. आमच्याकडे तो आठवडाभर पुरला.

नमस्कार.