मीटरभर मातीखालचा शेजारी

मित्रहो, विषय दिलाय हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वायुवाहिनीचा इतिहास आणि सुरक्षा. इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं, पण त्यासोबत येणारा वायू सुरुवातीला समुद्रावरच जाळावा लागे. पुढे दक्षिण बसीन क्षेत्राचा वायू हजिऱ्याला आणला. बसीन म्हणजे आपल्या वसईचंच जुनं इंग्रजी नाव, म्हणून हा वायू मला घरचा वाटतो! १९८४ साली 'गेल' ही सरकारी वायू कंपनी स्थापन झाली आणि १,७०० किलोमीटरहून लांब वाहिनी गुजरातेतून उत्तर प्रदेशापर्यंत गेली. विजयपूर, आंवला, जगदीशपूर इथे खतकारखाने उभे राहिले. युरियासाठी लागणारा हायड्रोजन याच वायूतून निघतो. शेतातून गेलेला वायू गोणीत भरून शेतातच परत येतो.

पण मला बोलायचंय त्या शेतकऱ्याबद्दल. वाहिनीच्या कामावर असताना एका शिवारात एकाने मला विचारलं, "साहेब, जमीन माझीच ना? मग विहीर का नाही खणायची?" मी कायदा सांगितला. वाहिन्यांसाठीच्या १९६२ च्या कायद्यानं मालकी तुमचीच राहते, फक्त नळ जातो त्या पट्ट्याच्या वापराचा हक्क घेतला जातो. त्या पट्ट्यात घर नाही, विहीर-तळं नाही, झाड नाही. पीक मात्र घ्या. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, पिकाची नुकसानी वेगळी. तो म्हणाला, "कागद मिळाला, पण खाली काय आहे ते कुणी सांगितलं नाही." हे मला आजही बोचतं. नळ साधारण मीटरभर खोल. त्याच्यावर राबणारा माणूस हा त्याचा पहिला राखणदार, आणि त्यालाच आपण अंधारात ठेवतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. सुरक्षेचं भराभर सांगतो. गंज रोखायला नळावर लेप असतो, शिवाय बारीक विद्युतप्रवाह सोडतात. आतून तपासायला 'पिग' नावाचं यंत्र वायूच्या दाबानंच पुढे सरकतं. ठरावीक अंतरावर झडपा असतात. तरी २७ जून २०१४ ला आंध्रातल्या नगरम गावात वाहिनी फुटली, वीसहून अधिक माणसं गेली. कोरड्या वायूसाठी टाकलेल्या नळातून ओला, म्हणजे पाण्याचा अंश असलेला वायू जात होता. त्या पाण्यानं नळ आतून खाल्ला होता.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. वासावर विसंबू नका. नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो. घरच्या गॅसचा उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो शहराच्या वेशीवरच्या केंद्रात. रानातल्या वाहिनीत तो असेलच असं नाही. म्हणून कान आणि डोळे उघडे ठेवा. फुसफुस आवाज, उडणारी धूळ, ओल्या मातीत बुडबुडे, एकाच पट्ट्यातलं वाळलेलं पीक. असं दिसलं तर मोटर चालू-बंद करू नका, ट्रॅक्टर सुरू करू नका, विडी पेटवू नका. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं लांब जा आणि तिथून वाहिनीच्या खांबावरच्या नंबरावर फोन करा. तो नंबर आजच घरी लिहून ठेवा.