नाकाखालची सावली

[दृश्य: लाकडी खण. आत कात्रीने कापलेले चेहरे.]

इंदूरच्या रामबागेतल्या या खोलीत माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आले आणि दुकान मिटलं, पण हा खण काकांनी रिकामा केला नाही. यात डोकी आहेत. एखाद्या लग्नाच्या ग्रुपमधलं, एखादं मुंजीच्या पंगतीतलं. माणूस गेला की घरचे धावत यायचे. तेराव्याला फ्रेम हवी, आणि एकट्याचा धड फोटो म्हणाल तर एकही नाही. मग काका ग्रुपमधून डोकं उचलायचे, कोट घातलेल्या दुसऱ्याच धडावर बसवायचे, बारीक ब्रशने सांधा बुजवायचे आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचे. काका त्याला ‘डोकं लावणं’ म्हणतात.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात, पोलीस कोठडीत, एका माणसाने नेमकी हीच तक्रार केली होती. चेहरा माझा आहे, धड माझं नाही.

[दृश्य: अंगणात उभा माणूस. हातात रायफल.]

२२ नोव्हेंबर १९६३. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची डॅलसमध्ये भर दुपारी हत्या झाली. संशयित ली हार्वे ओसवाल्ड. दुसऱ्या दिवशी शेजारच्या अर्व्हिंग गावात, त्याची बायको मारिना जिथे राहत होती त्या घराच्या गॅरेजमध्ये, पोलिसांना हे फोटो सापडले. काळे कपडे, कमरेला पिस्तूल, एका हातात रायफल, दुसऱ्या हातात ‘मिलिटंट’ आणि ‘वर्कर’ ही दोन डावी वृत्तपत्रं. ओसवाल्ड म्हणाला, मला फोटोकाम कळतं, हे बनावट आहे. थाप म्हणून सोडून द्यावं असं ते बोलणं नव्हतं, कारण छपाईसाठी फोटोकाम करणाऱ्या एका कंपनीत त्याने खरोखरच नोकरी केली होती. पण ते सिद्ध करायला तो उरला नाही. २४ नोव्हेंबरला जॅक रूबी नावाच्या नाइटक्लब मालकाने त्याला गोळी घातली.

मारिनाचं म्हणणं, फोटो मीच काढले. आधी एक म्हणाली, मग दोन. तिसरा पुढे सत्तरच्या दशकात डॅलसच्या एका पोलिसाच्या घरातून निघाला. आकडा बदलला की संशय वाढणारच. पण नवरा निर्दोष असावा असं नंतर म्हणू लागलेली मारिना फोटोंच्या बाबतीत मात्र हलली नाही.

संशयाला सगळ्यात जास्त खतपाणी घातलं ते छापणाऱ्यांनी. २१ फेब्रुवारी १९६४ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हा फोटो आला. तो आणखीही काही ठिकाणी छापला गेला, आणि प्रत्येकाने छपाईत उठून दिसावा म्हणून त्यावर आपापला ब्रश फिरवला. एकाच्या फोटोत रायफलवरची दुर्बीणच गायब. लोकांनी दोन अंक शेजारी ठेवले आणि बोट ठेवलं, बघा, बंदूक बदलली! आता हे ऐकून काका हसतात. हात फिरवला तो छापखान्यात, आणि नाव आलं निगेटिव्हवर.

मुख्य आक्षेप मात्र सावलीचा आहे. अंगावरची सावली जमिनीवर तिरकी पडली आहे आणि नाकाची सावली सरळ खाली, ओठावर. एकाच सूर्याच्या दोन दिशा कशा?

[दृश्य: गच्ची. दुपारचं ऊन.]

एकदा करून बघू म्हटलं. पुतण्याला गच्चीवर उभा केला, हातात रायफलच्या जागी पडद्याचा दांडा. खांदे कॅमेऱ्याकडे, ऊन बाजूने. नाकाची सावली गालावर सरकली. झालं, आक्षेप खरा! तेवढ्यात काका खुर्चीतून म्हणाले, “अरे, त्याला मान जरा उन्हाकडे वळवायला सांग.” त्याने वळवली, जेमतेम दोन बोटं. सावली गालावरून सरकत आली आणि नाकाखाली सरळ बसली. जमिनीवरची सावली होती तिथेच. खाली पडते ती सगळ्या देहाची सावली, आणि ओठावर पडते ती मान कशी धरली आहे त्याची. डोळ्यांना हा हिशेब जमत नाही, आणि डोळे तसं कबूलही करत नाहीत.

२००९ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे संगणकतज्ज्ञ हनी फरीद यांनी हेच काम संगणकावर केलं. ओसवाल्डच्या डोक्याचं त्रिमितीय मॉडेल केलं आणि एकच सूर्य धरून सावल्या पाडून पाहिल्या. नाकाखालची सावली आणि जमिनीवरची सावली, दोन्ही जुळल्या. उभं राहण्याची ढब विचित्र आहे, असा माणूस तोल जाऊन पडेल, हाही जुना आक्षेप होता. २०१५ मध्ये त्यांनी तोलाचंही गणित मांडलं. माणूस पडत नाही.

त्याआधी, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीने तज्ज्ञांचं मंडळ बसवलं होतं. त्यांनी दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओ भिंगातून पाहिले. कॅमेरा दोन फोटोंमध्ये किंचित हलला होता, त्यामुळे अंगण खोल दिसलं. एकाच पार्श्वभूमीवर माणूस चिकटवला असता तर ती खोली आली नसती. रायफलच्या लाकडावरचा एक ओरखडा फोटोतल्या रायफलवर सापडला. बनावटीचा पुरावा मिळाला नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

मला यातली एक गोष्ट विशेष आवडते. कॅमेरा होता इंपीरियल रिफ्लेक्स, प्लास्टिकचा, स्वस्तातला, आपल्याकडे एके काळी बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीच्या पंगतीतला. अशा डब्यात फिल्मच्या पुढे जी चौकट असते, तिच्या कडा कधीच साफ कापलेल्या नसतात. खाचा, कंगोरे, सगळं निगेटिव्हच्या काठावर उमटतं. एफबीआयच्या तज्ज्ञाने उरलेल्या एकमेव निगेटिव्हचा काठ या कॅमेऱ्याशी जुळवला.

पण काका इथेच अडले. म्हणाले, “डोकं लावून त्याच कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढला, तर काठ जुळणारच की!” बरोबर आहे. म्हणून मी त्या निगेटिव्हची प्रत पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली. हा कॅमेरा जवळचं धरत नाही, फोकस ठरलेला. चिकटवलेला प्रिंट समोर ठेवून टिपला तर धूसर येईल, आणि ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण, दोनदा चढेल. “दोनदा शिजवलेला भात कळतो की नाही?” काकांनी विचारलं. मग तिसरा फोटो त्यांना दाखवला. प्रत्येकात हात वेगळे, मान वेगळी. “एक डोकं लावायला मला दोन दिवस लागायचे. हे तीन कोण करील? फसवणाऱ्याला एक पुरतो.”

एवढ्याने गोळी कुणी झाडली ते कळत नाही. अंगणात रायफल धरून कोण उभा होता, एवढंच कळतं.

शूटिंग आटोपून खाली आलो, कॅमेरा अजून चालूच होता. दिवाणखान्यात आजोबांचा फोटो आहे, हार घातलेला. लहानपणापासून बघतो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा नाकाखाली नजर गेली. सावली डावीकडे. कोटाच्या बटणांची सावली उजवीकडे.

काकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते.

“कोट माझाच होता,” म्हणाले.