तीन वेळा कावीळ

(नाशिकच्या सातपूरला कामगार आणि अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मी डॉक्टर नाही. अंबडच्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस आहे. रजेचे सगळे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे, आणि रजेच्या अर्जावरून माणूस जेवढा कळतो तेवढा इंटरव्ह्यूत कळत नाही.

आमच्या एका सीएनसी ऑपरेटरने दोन वर्षांत तीन वेळा ‘कावीळ’ लिहिली. सर्टिफिकेट गावाकडच्या डॉक्टरचं. तो कामावर परत यायचा तेव्हा डोळे पांढरे स्वच्छ, पण चहाचा ग्लास धरताना हात थरथरायचा. हा आजार मनाचा आहे हे मला कळत होतं, सुपरवायझरला कळत होतं, शेजारच्या मशीनवाल्यालाही कळत होतं. मी सही करत राहिलो. खरं लिहायची त्याची हिंमत नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. खरं लिहिलेला अर्ज घेऊन यावं असं माझं टेबल नव्हतं, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं.

चौथ्या वेळी त्याची बायको आली. कापडी पिशवीतून तिने मनोविकारतज्ज्ञाचा कागद काढला आणि म्हणाली, “साहेब, कुणाला सांगू नका. येरवड्याला पाठवायचा झालाय म्हणतील.” मी कुणाला सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्याला मशीनवरून काढून स्टोअरला टाकलं. त्याच्या भल्यासाठीच, असं मला मनापासून वाटत होतं! त्याचा इन्सेंटिव्ह गेला, ओव्हरटाइम गेला. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शॉपला कळलं, कारण चांगल्या ऑपरेटरला नट-बोल्ट मोजायला कुणी उगाच बसवत नाही. तोंड मी बंद ठेवलं होतं, बदलीची ऑर्डर बोलली.

कलंक हा भाषणातला शब्द आहे. शॉपवर म्हणतात, “आज गोळी घेतली नाही वाटतं.” हे वाक्य मला शिवीपेक्षा वाईट वाटतं. त्याचा एक महिन्याचा ओव्हरटाइम कमी लागला होता, तो चिडून बोलायला आला, तर मागून कुणीतरी हेच म्हणालं आणि सगळे हसले. हिशेब खरंच चुकला होता. पण एकदा आजार माहीत झाला की माणसाचा साधा राग, साधी तक्रार, सगळं आजाराच्या खात्यावर जमा होतं.

मग मी काय करायला हवं होतं? त्याला नुसतं विचारायचं होतं. त्याची अडचण मशीन नव्हतीच, तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी होती. बायपोलरसारख्या, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जातं अशा आजारात झोपेचं चक्र बिघडलं की आजार उसळतो. त्यात रात्री घ्यायच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. पहिल्या नाहीतर दुसऱ्या पाळीत ठेवला असता तर तो मशीनवर टिकला असता. बायपोलरवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्याचं आणखी एक सांगतो. भट्टीजवळ घाम गाळून पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे प्यायला पाणी आणि रक्त तपासायला अधूनमधून अर्धा दिवस, एवढ्या साध्या गोष्टी असतात. पॉवर प्रेसवर गुंगी आली तर बोटं जातील, ही भीती खोटी नाही. पण त्यासाठी डॉक्टरला विचारायचं ते “हा प्रेस चालवू शकेल का?” एवढंच. आजार कोणता, हे नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. त्यात रुग्णाची गोपनीयता हा हक्क आहे, त्यामुळे परस्पर फोन करून “नक्की काय झालंय हो त्याला?” विचारणाऱ्या अधिकाऱ्याला डॉक्टरने उत्तर देता कामा नये. मी असे फोन केलेले आहेत.

ह्याच कायद्याने विमा कंपन्यांना सांगितलंय की शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्या. आपल्या कंपनीची ग्रुप पॉलिसी उद्या काढून बघा. आणि ईएसआयवाल्यांनी, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत असलेल्यांनी, तर कान देऊन ऐका, कारण हे युनियनच्या लोकांनाही माहीत नसतं. साधा आजारलाभ वर्षाला 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. पण दीर्घ आजारांची एक यादी आहे, 34 आजारांची, तिच्यात अटी पूर्ण झाल्या तर 80 टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्या यादीत टीबी आणि कॅन्सरच्या रांगेत स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार बसलेला आहे. आमच्या कॅन्टीनमध्ये मात्र त्या ऑपरेटरच्या बाकावर कुणी बसत नव्हतं.

‘कावीळ’ लिहिल्यावर हा लाभ कसा मिळणार? खोटं कारण लिहून तो माझ्यापासून वाचला, आणि हक्काच्या पैशाला मुकला.

शेवटच्या चार वर्षांत मी एकच बदल करून घेतला. रजेच्या अर्जावरचा ‘आजाराचे स्वरूप’ हा रकाना काढला. नुसतं ‘आजारपण’. मॅनेजर म्हणाले, लोक गैरफायदा घेतील. दोघातिघांनी घेतलाही. ते आधीही घेतच होते, तेव्हा पोट बिघडायचं.

आता प्रश्न घ्यायचे म्हणतात. पण माझा अनुभव असा, की ह्या विषयावरचा खरा प्रश्न माईकवर कुणी विचारत नाही. विचारतात तेही “माझ्या एका मित्राला” असं म्हणून. तेव्हा माईक बंद करू या. बाहेर चहा आहे, मी अर्धा तास दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. फळ्यावर 14416 लिहिलाय, तो सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. उतरवून घेताना शेजारी बघतील असं वाटत असेल तर पाठच करा, पाचच आकडे आहेत.