३५ हजार कोटी कुठल्या खणात होते?

श्रोतेहो, नमस्कार. २०२१च्या उन्हाळ्यात ठाण्यात, वाशीत, ऐरोलीत लशीच्या रांगेत ताटकळलेले कितीतरी जण आत्ता ऐकत असतील. त्या लशीचे पैसे केंद्राच्या अर्थसंकल्पात कुठे होते, ते आज शोधू या.

१ फेब्रुवारी २०२१ला आकडा जाहीर झाला: आरोग्य आणि कल्याणासाठी २ लाख २३ हजार ८४६ कोटी, म्हणजे १३७ टक्के वाढ. (अशा वेळी टीव्हीचा आवाज बंद करावा आणि कागद उघडावा.) कागदावर ही बेरीज सुटी होते. पाणी आणि स्वच्छता, ६० हजार ३० कोटी. वित्त आयोगाच्या अनुदानातून पुन्हा पाणी-स्वच्छता, ३६ हजार २२. नळाला पाणी हवंच, पण त्याला दवाखान्याची खाट म्हणू नये! आरोग्य मंत्रालयाचे स्वतःचे, संशोधन धरून, ७३ हजार ९३२ कोटी. आणि लशीचे ३५ हजार.

आता गंमत ऐका. हे ३५ हजार आरोग्य मंत्रालयाच्या मागणीत, म्हणजे खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमेच्या यादीत शोधलेत, तर सापडत नाहीत. ते होते अर्थ मंत्रालयाकडे, 'राज्यांना हस्तांतरण' या मागणीत. पुन्हा सांगतो, राज्यांना हस्तांतरण. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाची लस राज्यांनीच विकत घ्यायची, असं ठरलं होतं. कोविशील्डचा डोस केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना ३००ला. मग लोक विचारू लागले, पैसे राज्यांच्या नावावर आहेत, तर राज्यांना का देत नाही?

मे महिन्यातच अर्थ मंत्रालयाचा खुलासा आला. अनुदान होतं, पण वस्तुरूपात. गावाहून आईनं तांदळाचं पोतं धाडावं, तसं. पोतं घरी येतं, मनीऑर्डर येत नाही. लस केंद्र विकत घेणार आणि कुप्या राज्यांना देणार. खर्च आरोग्य मंत्रालयच करणार. मग खण वेगळा कशाला? एक तर हा नेहमीच्या योजनांबाहेरचा, एकदाचा खर्च. दुसरं, या मागणीला तिमाही खर्चाची मर्यादा लागू नाही, म्हणजे पैसे अडकत नाहीत.

२१ जूनपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी केंद्रानंच लस पुरवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षीचा कागद उघडलात, की 'सुधारित अंदाज' हा रकाना बघा. सुधारित, म्हणजे वर्ष सरत येताना पुन्हा मांडलेला आकडा. तिथे ३५चे ३९ हजार कोटी झालेले दिसतील, आणि शेजारच्या रकान्यात, २०२२-२३साठी, फक्त ५ हजार.