वळताना थांबणारा रोबो

समोरचा हा वायफायवरून चालणारा, चार चाकांचा रोबो सरळ जाताना प्रत्येक आज्ञा मुकाट्याने पाळतो. मात्र जागच्या जागी वळायला सांगितले, की निश्चल होतो आणि काही सेकंदांनी, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा जोडला जातो. पहिला संशय अर्थातच वायफायवर जातो, पण इथे तो बहुधा निर्दोष आहे.

संपर्क नेमका कोणत्या क्षणी तुटतो याची नोंद ठेवणे, हे या तपासातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगी काम. जागच्या जागी वळताना एका बाजूची चाके उलटी फिरवावी लागतात, आणि थांबलेली किंवा उलटी फिरू लागलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढते. त्या ओढीने बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) घसरतो आणि ३.३ व्होल्टवर चालणारा नियंत्रक बोर्ड, म्हणजे आज्ञा घेऊन मोटर चालवणारा छोटा संगणक, रीसेट होतो. बोर्ड किती सेकंद चालू आहे हा आकडा त्याला सतत पाठवायला लावावा. इथे तो ४१२ वर होता. संपर्क परत आला तेव्हा ३ दिसला. म्हणजे वायफायचा दुवा तुटला नव्हता, बोर्डच नव्याने सुरू झाला होता. बोर्डाला वेगळी बॅटरी देऊन, दोन्ही बॅटऱ्यांचे ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडून, तीच वळणे घेतल्यावर दोष नाहीसा झाला, तर अँटेना बदलण्याचा खर्च वाचतो.

आकडा अखंड वाढत असेल, तर मात्र हवेतल्या वायफाय लहरींकडे वळावे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. त्यामुळे भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारक ठरतात, तेव्हा रोबो चार बोटे सरकवल्यानेही संपर्क सुधारू शकतो. अँटेना धातूच्या सांगाड्याला किंवा बॅटरीला चिकटलेली नसावी. शेजारी इतर वायफायची गर्दी असल्यास १, ६ आणि ११ या चॅनेलांपैकी (वायफायच्या ठरावीक वारंवारता-पट्ट्यांपैकी) मोकळे निवडावे. थोडा वेळ स्वस्थ राहिल्यानंतरची पहिलीच आज्ञा उशिरा पोहोचत असेल, तर वायफायची वीजबचत बंद करून पाहावी.

यानंतर चाके अधांतरी धरून फिरवावीत आणि रिमोट बंद करावा. ती अर्ध्या सेकंदात थांबली नाहीत, तर रोबो शेवटचीच आज्ञा पाळत बसला आहे. आज्ञा येणे थांबताच मोटर बंद करणारी अट प्रोग्राममध्ये घातल्याशिवाय तो जमिनीवर ठेवू नये.