गोव्याच्या पावसात लिंबाचं झाड का मरतं?

नमस्कार. परसात लिंबाचं कलम लावलं, दोन वर्षं जोमाने वाढलं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पानं पिवळी पडून वाळायला लागलं. गोव्यात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेकांना वाटतं, खत कमी पडलं. पण इथे लिंबू, पपनस, म्हाळुंग ही झाडं दगावतात ती जास्त करून बुंध्याशी साचलेल्या पाण्याने.

(कॅमेरा बुंध्याजवळ) इथे सालीतून तांबूस डिंक गळतोय, खालची साल ओलसर आणि मऊ झालीय. हा डिंक्या रोग. फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव ओल्या मातीत राहतो. पावसाच्या माऱ्याने माती उडते, तिच्यासोबत तो सालीवर बसतो. जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे त्याला आणखी काय हवं?

म्हणून आधी जागा. कौलांच्या पावळ्या पडतात तिथे नको, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ नको, माडाच्या सावलीतही नको. दिवसाला निदान सहा तास ऊन हवं. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. खाली कातळ लागला, तर तिथे खोल जाऊ नका. चिरे लावून चार फुटांचा चौकोन करा आणि दीड फूट उंच भर घाला. खालच्या थरातल्या चिऱ्यांमध्ये फटी ठेवा, पाणी बाहेर पडलं पाहिजे. भरीच्या मातीत १५ किलो कुजलेलं शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड. आपली जांभी माती बहुधा आम्लधर्मी असते. मातीपरीक्षणात तसं दिसलं, तर पाव ते अर्धा किलो डोलोमाइट (आम्लता कमी करणारी चुनखडीसारखी भुकटी) लागवडीआधी दोन-तीन आठवडे मिसळा.

पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर लावा. डोळा भरलेलं कलम (दुसऱ्या झाडाच्या खुंटावर लिंबाचा डोळा बसवलेलं) असेल, तर डोळ्याचा जोड मातीपासून अर्धा फूट वर राहू दे. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पहिल्या वर्षी माती खचते, मग लोक वरून भर घालतात आणि जोड गाडला जातो. जोडाच्या खालून फुटणारे कोंब लगेच काढा.

आता आळं. एक नाही, दोन गोल करायचे. आतला गोल बुंध्यापासून एक फुटावर, त्याच्या आतली माती थोडी उंच. बाहेरचा फांद्यांच्या टोकाखाली. पाणी द्यायचं ते फक्त या दोन गोलांच्या मधे. उन्हाळ्यात सुका पाला, नारळाची सोडणं जरूर पसरा, पण तीही याच पट्ट्यात. जूनमध्ये बाहेरचं आळं फोडून टाका, पाणी वाहून जाऊ दे.

डिंक्या टाळायला मे महिन्यात बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये. भांडी प्लॅस्टिकची, लोखंडी नको. दोन्ही द्रावणं एकदम तिसऱ्या बादलीत ओता आणि ढवळत राहा. मग लोखंडी सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. नाहीतर साल भाजते. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशने लावा, त्याच दिवशी संपवा. पावसानंतर पुन्हा एकदा. डिंक आधीच आला असेल, तर कुजलेली साल निरोगी भागापर्यंत धारदार सुरीने खरवडा, मग पेस्ट.

कागदी लिंबाला दुसरा त्रास खैऱ्याचा. पानांवर, फळांवर खरखरीत तपकिरी फोड, भोवती पिवळी कडा. हा जिवाणूजन्य रोग, वारा-पावसाने पसरतो. रोगट फांद्या कोरड्या हवेत, जानेवारी-फेब्रुवारीत छाटून जाळा. पावसात छाटाल तर तुम्हीच पसरवाल. पावसाआधी कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटर फवारा, मग पावसाची उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा. कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेषा दिसल्या, तर ती पानं पोखरणारी अळी. तिच्या जखमांतून खैऱ्या आत शिरतो, म्हणून नवी पालवी फुटताच निमतेल ५ मिलिलिटर आणि थोडं साबणाचं पाणी, एका लिटरला.

आणि पिवळं पान दिसलं की लगेच युरिया टाकू नका. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, नवी पानं बारीक? जस्त कमी आहे: झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विरलेला चुना अडीच ग्रॅम, एका लिटर पाण्यात, पानांवर. शिराच पिवळ्या पडल्या असतील, तर फवारा बाजूला ठेवा आणि आधी बुंध्याजवळची माती उकरून साल तपासा.